गाडी कोण चालवत होतं

येरवडा, पुणे ६
रविवार, ७ मार्च १९९९

चि. अपेक्षा हिस,

बाबाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. तुला तिकडचं लायसन मिळालं हे वाचून मी लगेच वर जाऊन मुक्ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे आता अपेक्षा मोटार घेणार? मी म्हटलं, छे, लागेल तेव्हा भाड्याने घेणार. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. शेजाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त आशा असतात.

आता कामाचं. तुझा बाप एकतीस वर्षं सरकारी विमा कंपनीत बसून मोटार अपघातांचे क्लेम तपासत होता आणि स्वतः एकदाही चारचाकी चालवू शकला नाही, यावरून तुझ्या आईने मला जन्मभर चिडवलं. तरी ऐक. भाड्याची गाडी घेताना काउंटरवर कागद पुढे सरकवतात आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवतात. तिथेच घाई करायची नाही. गाडीचं नुकसान झालं तर कोण भरणार, समोरच्या माणसाला लागलं तर कोण भरणार, आणि तुझ्याशिवाय ती गाडी कुणी चालवायची की नाही, हे बघ. कराराची झेरॉक्स मला पाठव. मला दुसरं काय काम आहे? संध्याकाळी सात ते नऊ वाचत बसेन.

व्हिसाचा शिक्का मुंबईहून आला आहे. ४ जूनला निघायचं म्हणून बॅगही आणून ठेवली. मुक्ताईंना वाटतं मी अमेरिकेत धबधबे बघणार. मला मात्र तिकडच्या मोडक्या गाड्यांचं एखादं आवार बघायचं आहे. तेवढं दाखव, बाकी दोन महिने मी तुझ्या खोलीत गुपचूप बसेन.

फोनवर हे बोलता येत नाही. फोन मुक्ताईंकडे, आणि आपला फोन आला की त्यांची सहा माणसं टीव्हीचा आवाज बंद करून बसतात. त्यामुळे फोनवर आपण दोघंही बरे असतो. खरं काय ते पत्रात लिहीत जा.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहेच, ती पत्रातून पोचत राहू दे.

तुझा,
बाबा


कोलंबस, ओहायो
शुक्रवार, १९ मार्च १९९९

ती. बाबांस,

अपेक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. पण त्याआधीच, गेल्या शनिवारी, मी गाडी घेतली होती. घाबरू नका. काउंटरवर उभी राहून अख्खा करार वाचला. मागे चार माणसं खोळंबली. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा विचारलं की काही अडचण आहे का. मी सांगितलं, अडचण नाही, वाचते आहे. त्यांना असं गिऱ्हाईक पूर्वी भेटलं नसावं.

गाडीच्या नुकसानीचं आणि समोरच्याच्या नुकसानीचं अशी दोन्ही कव्हरं घेतली. रोजच्या भाड्याच्या जवळजवळ निम्मे पैसे त्यातच गेले, पण तुम्ही वाचाल तेव्हा मला ओरडा बसायला नको. तिसरी चौकट दुसऱ्या ड्रायव्हरची होती. त्याचं नाव लिहायचं, लायसन दाखवायचं आणि थोडे पैसे जास्त भरायचे. ती मी रिकामी सोडली. बाबा, पैशांसाठी नाही. माझ्याकडे लिहायला नावच नव्हतं.

इथे शनिवार-रविवार फार मोठे असतात. रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही. दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही आणि सोमवारी ऑफिसात पहिलं हॅलो म्हणताना आवाज घोगरा येतो. सगळ्यांना वाटतं मला सर्दी झाली आहे. म्हणून गाडी घेतली. कुठेच जायचं नव्हतं. नुसती तलावापर्यंत गेले आणि परत आले.

२७ला आईला जाऊन दोन वर्षं होतील. इथून दोन तासांवर थाई लोकांचं एक विहार आहे असं कळलं. त्या दिवशी गाडी घेऊन जाणार आहे. आमच्या टीममधला रोहन, पिंपरीचा, नकाशा बघायला सोबत येतो म्हणाला. चांगला मुलगा आहे, लगेच काही मनात आणू नका, त्याचं लग्न ठरलेलं आहे.

तुमचं तिकीट आरक्षित केलं आहे. पैसे एप्रिलअखेर भरायचे, ते साठलेले आहेत. मोडक्या गाड्यांचं आवारही शोधून ठेवलं. आजवर माझ्याकडे कुणीच आलेलं नाही, त्यामुळे घरात खुर्ची एकच आहे. दुसरी आणेन.

झेरॉक्स सोबत आहे. तुमचा आशीर्वाद असतोच, तो असाच असू द्यावा.

आपली,
अपेक्षा


कोलंबस
सोमवार, २९ मार्च १९९९

ती. बाबांस,

सविनय जयभीम. मी सुखरूप आहे, हे आधी वाचा. मला काहीही लागलेलं नाही.

शनिवारी विहारात गेलो. तिथल्या भन्तेजींनी आईचं नाव विचारलं. मी इंदुबाई सांगितलं आणि त्यांनी ते त्यांच्या उच्चारात तीनदा म्हटलं. परत येताना मला रडू आवरेना. समोरचा रस्ता दिसेना. रोहन म्हणाला, बाजूला घे, मी चालवतो. मी किल्ली दिली. बाबा, करार मला तोंडपाठ होता आणि तरी मी दिली.

वीस मिनिटांनी पेट्रोल पंपात वळताना त्याच्याकडून कडेच्या सिमेंटच्या खांबावर गाडी गेली. रोहनचा ओठ फाटला. दुसऱ्या कुणाला काही झालं नाही, पण गाडीचं पुढचं तोंड पूर्ण आत गेलं. कंपनीने एक फॉर्म दिला आहे. त्यातला पहिलाच प्रश्न आहे, गाडी कोण चालवत होतं?

मी चालवत होते असं लिहिलं तर कव्हर लागू होतं आणि मला एक पैसा द्यावा लागत नाही. रोहन लिहिलं तर त्याचं नाव करारात नाही म्हणून कव्हर रद्द, आणि तीन हजार डॉलर मला भरावे लागतील. तुमच्या तिकिटासाठी आणि इथल्या तुमच्या आजारपणाच्या विम्यासाठी ठेवलेले सगळे त्यात जातील. रोहन दोन दिवस विनवतो आहे. म्हणतो, एका नावाचा तर प्रश्न आहे, बघणारं कुणी नव्हतं. त्याच्याकडे पैसे नाहीत, लग्न डिसेंबरात आहे, आणि हे मॅनेजरच्या कानावर गेलं तर परत पाठवतील अशी त्याला भीती वाटते.

फॉर्म ३० एप्रिलपर्यंत द्यायचा आहे. तुमचं पत्र येईपर्यंत कोराच ठेवते. मुक्ताईंच्या घरात सहा माणसांसमोर हे विचारता येत नाही म्हणून लिहिते आहे. तुम्ही या याशिवाय मला इथे कशाचीच वाट बघायची नाही. आणि तुम्ही एकतीस वर्षं हाच प्रश्न लोकांना विचारलात. काय करू ते सांगा.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
अपेक्षा


कोलंबस
सोमवार, ५ एप्रिल १९९९

ती. बाबांस,

सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या पत्राची वाट बघेन म्हटलं होतं, पण धीर राहिला नाही. आठवडाभर तो फॉर्म टेबलावर होता आणि मी जमिनीवर बसून जेवत होते. शेवटी आज सकाळी त्या कंपनीच्या ऑफिसात गेले आणि पहिल्या ओळीत रोहनचं नाव लिहिलं.

तिथल्या माणसाने मला विचारलं की मी नीट विचार केला आहे का. तो भला वाटला. त्याने पेनही लगेच घेतलं नाही, जणू मला आणखी एक मिनिट देत होता. पण तुम्ही लोकांना परत पाठवून घरी यायचात तेव्हाचा तुमचा चेहरा मला आठवत होता. चहाही न घेता बसायचात, आणि आईने विचारलं तर म्हणायचात, खोटं होतं, काय करणार. माझा कागद तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही तेच म्हणाला असता. ते मला सहन झालं नसतं.

पैसे मी भरते आहे. तुमचं आरक्षण आज दुपारी रद्द केलं. बाबा, हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं, म्हणून कागद बदलावा लागला. कॉम्प्युटरमधल्या तारखांचं, वर्ष दोन हजारचं हे काम संपलं की मीच येईन, किंवा पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही या.

रोहन बोलत नाही. डब्याच्या वेळी दुसऱ्या टेबलावर बसतो. मॅनेजरना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही, पण त्याचा विश्वास बसत नाही. इथे मराठी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

तुम्ही हेच सांगणार होतात, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र यायच्या आधीच केलं. रागावू नका, एवढंच मागणं आहे.

आपली,
अपेक्षा


येरवडा
शुक्रवार, ९ एप्रिल १९९९

चि. अपेक्षा,

जयभीम. तुझं २९चं पत्र आज दुपारी आलं. चार वेळा वाचलं. तू सुखरूप आहेस तिथेच खरं तर पत्र संपलं. बाकीचं नंतर वाचलं.

फॉर्मवर तुझं नाव लिही. तू चालवत होतीस असं लिही आणि सही कर. हे मी लिहितो आहे, तुझा बाप, शुद्धीवर असताना.

तुला दशरथ आठवणार नाही, तू पहिलीत होतीस. वाघोलीकडचा माणूस, एक टेंपो होता त्याचा. नगर रोडवर अपघात झाला. त्याने लिहिलं, मी चालवत होतो. मी गाडी बघायला गेलो आणि आत बसून आरसा बघितला. दशरथ बुटका, आणि आरसा उंच माणसाला लावलेला. बिनलायसनचा पुतण्या चालवत होता. मी क्लेम नामंजूर केला. दशरथ दोनदा घरी आला. तुझ्या आईने त्याला पोहे दिले, मी आतल्या खोलीत बसून राहिलो. टेंपो विकून तो कुठे गेला ते कळलं नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. त्या थोपटण्याचा मला बरीच वर्षं अभिमान वाटला. आणि आज मी माझ्या मुलीला सांगतो आहे की दशरथने केलं तेच कर.

याचं कारण तुला कळलं पाहिजे. मला इथे करमत नाही, अपेक्षा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुक्ताई विचारतात तेव्हा मी छान म्हणतो. तुझी आई होती तोवर घरात भांडायला तरी कुणी होतं. आता सकाळी पेपर येतो तो जाहिरातींसकट संपवतो, आणि तेव्हा नऊ वाजलेले असतात. मग नगर रोडला जाऊन उभा राहतो. रिक्षा नि स्कूटर एकमेकांना घासली की पुढे होतो आणि चूक कुणाची ते समजावून सांगतो. परवा एका मुलाने विचारलं, काका, आपण कोण? विमा कंपनीचा म्हणावं तर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.

जुन्या ऑफिसात तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा चहा दिला, दुसऱ्यांदा खुर्ची दिली, तिसऱ्यांदा सगळे फार कामात होते. १४ एप्रिलचा मंडप आपल्या गल्लीत पडला आहे, पोरं वर्गणी घेऊन गेली. दर वर्षी तुझी आई खीर करायची. या वेळी मला कुणी कसलं काम सांगितलं नाही, म्हातारा माणूस म्हणून.

व्हिसा आला तेव्हापासून ४ जून ही तारीख मी धरून बसलो आहे. बॅग पलंगाशेजारी आहे. त्यात कपडे भरतो, काढतो, पुन्हा भरतो. तारीख गेली तर मी पुढे कशाची वाट बघू ते मला समजत नाही. म्हणून सही कर. पाप लागलं तर मला लागू दे. आणि जमलं तर ते काम संपल्यावर तिथे आणखी राहू नकोस, परत ये. हे फोनवर माझ्याच्याने कधीच बोलवणार नाही.

आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागतो आहे.

तुझा,
बाबा


येरवडा
शुक्रवार, १६ एप्रिल १९९९
कुरियरने

चि. अपेक्षा,

आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं ५ तारखेचं पत्र आज मिळालं. शाब्बास. तू केलंस तेच बरोबर होतं, त्यात मला जास्त काही सांगायचं नाही.

मी ९ला साध्या टपालाने एक पत्र टाकलं आहे. जाड पाकीट आहे, चार पानांचं. ते या पत्राच्या सोबतच किंवा एखाद्या दिवसाने पोचेल. ते फोडू नकोस. तसंच्या तसं मला परत पाठव. त्यात मी जे लिहिलं ते तुझं हे पत्र वाचल्यावर लिहिलं नसतं. माझं ऐक, हट्ट करू नकोस.

तिकिटाचं मनाला लावून घेऊ नकोस. तिकडे दोन महिने माझा वेळ गेला नसता. इथे बरं चाललं आहे. जयंतीला मोठी मिरवणूक निघाली, सगळे भेटले, मजा आली. रोहनचा राग उतरेल, तू आपणहून एकदा बोल.

तब्येतीला जप. आहेस तशीच राहा.

तुझा,
बाबा


कोलंबस
रविवार, २५ एप्रिल १९९९

ती. बाबांस,

अपेक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कुरियर मंगळवारी आणि जाड पाकीट बुधवारी आलं. सांगितलंत तसं फोडलं नाही. खरं सांगते, दोन दिवस उशाशी ठेवलं होतं. तुम्ही मला एका पानाच्या वर कधी लिहीत नाही, त्यामुळे चार पानं म्हणजे नक्कीच ओरडा असणार. किल्ली का दिलीस, एवढं शिकवून काय उपयोग झाला, वगैरे. ते सगळं मला लागू आहे, पण तुम्ही परत मागितलंत म्हणजे रागही परत घेतलात, असं मी धरते. पाकीट सोबत पाठवत आहे.

तुमची शाब्बास मात्र टेबलासमोर भिंतीवर लावली आहे. ती वाचल्यावर पहिल्यांदा झोप लागली.

आता एक विचारायचं आहे. इथल्या कंपनीला मी पुढे दोन वर्षं हवी आहे. हे काम संपलं की दुसरं. पगार वाढेल. २० मेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. मला इथे आवडतं असं नाही. पण तुम्ही बरे आहात, मिरवणुकीला सगळे भेटले, मजा आली, हे वाचून वाटलं की मीच उगीच तुमची काळजी करते. तुम्हाला तिथे माणसं आहेत. परत येऊन मी करणार काय, असंही वाटतं. पुण्यात नवीन कंपन्या निघत आहेत हे खरं, पण गेलेले तीन हजार इथे लवकर भरून निघतील.

तुमचं वेगळं काही म्हणणं नसेल तर हो सांगते. दुसरी खुर्ची सध्या आणली नाही.

आपला लोभ आहे, तो दुरूनही कमी होऊ देऊ नये.

आपली,
अपेक्षा


येरवडा
बुधवार, ५ मे १९९९
कुरियरने

चि. अपेक्षा,

अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझं पत्र आणि माझं पाकीट आज आलं. उलटसुलट करून बघितलं. डिंक जसाच्या तसा. तू आज्ञाधारक आहेस, यात तुझ्या आईचा वाटा मोठा आहे.

पाकीट समोर ठेवून तुला उत्तर लिहायला बसलो. आधी एक कागद लिहिला, की हो सांग, माझी काळजी करू नकोस, मी मजेत आहे. सही केली. मग वाचून बघितला. अशा सह्या मी एकतीस वर्षं ओळखत आलो. तो कागद फाडला.

मिरवणूक मी खिडकीतून बघितली. मला कुणीही भेटलं नाही.

तेच पाकीट पुन्हा तुझ्याकडे पाठवतो आहे. या वेळी फोड. फॉर्मवर काय लिहायचं म्हणून त्यात जे सांगितलं आहे ते चूक आहे, ते सोडून दे. बाकीचं सगळं खरं आहे. ते आधी वाच, आणि मग कंपनीला काय सांगायचं ते तू ठरव.

वाट बघणारा,
तुझा बाबा